चोवीस हजारांची भाऊबीज

सहा नोव्हेंबर, शनिवार, भाऊबीज. ताटात पडलेली रक्कम चोवीस हजार रुपये. हजर माणसं पाच: मी, माझी बायको, तिचा धाकटा भाऊ, सासूबाई आणि फोनवर फोटो काढणारी आमची मुलगी. ठिकाण जळकोट, बायकोचं माहेर.

"मोजून घे आक्का. चोवीस हायत," मेव्हणा म्हणाला.

"भाऊबीज कुणी मोजतं का रे?" असं म्हणून बायकोनं नोटा उचलल्या आणि पर्समध्ये ठेवल्या.

मोजत मी होतो. लग्नाला तेव्हा एकोणीस वर्षं होत आली होती. पहिल्या तीन भाऊबिजांना ताटात एकशे एक रुपये पडले, पुढच्या पंधरांना पाचशे एक. अठरा भाऊबिजांची मिळून बेरीज सात हजार आठशे अठरा. आणि त्या एका संध्याकाळी चोवीस हजार.

कारण मला माहीत होतं, हे सुरुवातीलाच लिहितो. जळकोटला हायवेवर मेव्हण्याचं कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खतं, फवारणीची औषधं विकतो. अशा दुकानाच्या परवान्याला शेती किंवा रसायनशास्त्र शिकलेला माणूस लागतो. मेव्हणा दहावी पास. बायको रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, तीही पहिल्या वर्गात. लग्नानंतर तिची पदवी पत्र्याच्या पेटीत पडून होती. मेव्हण्यानं ती मागितली, तिनं दिली. आमच्याकडे याला डिग्री लावणं म्हणतात आणि त्याचे महिन्याला काही पैसे ठरवून देतात. सख्ख्या बहिणीशी पैसे कसे ठरवायचे, म्हणून मेव्हण्यानं महिन्याचे दोन हजार धरून वर्षाची रक्कम एकदम भाऊबिजेच्या ताटात टाकली. तिला घेताना संकोच वाटला नाही, त्याला पावती मागावी लागली नाही. कागदोपत्री ती दुकानातली तांत्रिक कर्मचारी झाली. प्रत्यक्षात ती वर्षातून चार वेळा माहेरी जायची आणि दुकानात डोकावलीच तर चहा पिऊन परत यायची.

मी काही बोललो नाही. बहीण-भावांमधला विषय होता.

मी एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतो. पुढच्या जूनमध्ये माझ्या एका लहान संशोधन प्रकल्पाला विद्यापीठाचं अनुदान मंजूर झालं. एकूण दीड लाख. पहिला हप्ता नव्वद हजार, उरलेले साठ हजार पहिल्या वर्षाचा अहवाल पाहून. विषय साधा होता. सोयाबीनच्या बियाण्याला पेरणीआधी जिवाणूंचं द्रावण लावतात. ते बाटलीत विकत मिळतं. त्यानं एकरी उतारा खरोखर वाढतो का, आणि किती वाढतो, एवढंच बघायचं. बारा शेतकरी, प्रत्येकाचं एक एकर. अर्ध्या एकरात द्रावण लावलेलं बी, अर्ध्यात नुसतं.

मंजुरीच्या कागदांत एक हमीपत्र होतं. संशोधक, त्याची पत्नी किंवा अपत्यं यांचा संशोधनाशी संबंधित कुठल्याही कंपनीत वा व्यवसायात आर्थिक हितसंबंध आहे काय? समोर दोन चौकोन, होय आणि नाही. मी नाही वर खूण केली. विचार करून केली असती तर ती लबाडी झाली असती. पण मला तेव्हा काही आठवलंच नाही. आर्थिक हितसंबंध म्हटल्यावर माझ्या डोळ्यासमोर शेअर, भागीदारी, कंपनीचं पाकीट असल्या गोष्टी आल्या. भाऊबिजेचं ताट आलं नाही. घरात येणारा रुपया न् रुपया डायरीत लिहिणारा मी माणूस, आणि त्या डायरीतही हे चोवीस हजार 'सणवार' या सदराखाली लिहिलेले होते.

द्रावणाच्या बाटल्या मेव्हण्याच्याच दुकानातून घेतल्या. त्या कंपनीचा माल आमच्या भागात तोच ठेवतो. छापील किमतीवर सूट दिली आणि पक्कं बिल दिलं. अठ्ठेचाळीस बाटल्या, दर दोनशे चाळीस, एकूण अकरा हजार पाचशे वीस. अनुदानाचे पैसे वाचवले म्हणून मी स्वतःवर खूश होतो.

ऑक्टोबरात रास झाली. प्रत्येक शेतात दोन्ही अर्ध्यांची मळणी वेगळी करून वजन घ्यायचं होतं. वजनकाटा मेव्हण्यानं दिला, टेम्पोही त्याचाच. डिझेलचे पैसे घेतले नाहीत. "दाजी, तुमचं काम ते माजं काम," म्हणाला. बारापैकी दहा शेतांत द्रावण लावलेल्या बाजूचं सोयाबीन जास्त भरलं. सरासरी काढली तर अर्ध्या एकरामागं चव्वेचाळीस किलो जास्त. आकडा चांगला होता. मी तो दोनदा तपासला.

तीन आठवड्यांत दिवाळी आली. भाऊबिजेच्या ताटात पुन्हा चोवीस हजार.

डिसेंबरात मी बारा शेतकऱ्यांना त्यांचे आकडे द्यायला निघालो. प्रत्येकाचा एक कागद केला होता. त्यांतले सगळ्यात वयस्कर, ज्यांना आम्ही सगळे आण्णा म्हणतो, त्यांनी कागद घडी करून टोपीखाली ठेवला आणि मला हायवेवरच्या हॉटेलात चहाला नेलं. हॉटेल मेव्हण्याच्या दुकानाच्या समोरच आहे. तिथून मला दुकानाच्या दारावर लावलेला नवा फ्लेक्स दिसला. द्रावणाच्या बाटलीचं चित्र, आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत: विद्यापीठ संशोधनात सिद्ध, अर्ध्या एकरात चव्वेचाळीस किलो जादा.

"चांगला काढलाय की," आण्णा म्हणाले.

"मला माहीत नव्हतं आण्णा. मी सांगतो त्याला काढायला."

"कशाला? खरं हाय की खोटं?"

"आकडा खरा आहे. पण एका वर्षाचा आहे. अजून एक हंगाम बघायचाय."

आण्णांनी बशीत चहा ओतला. "सर, एक इचारू? राग न्हाय ना येनार?"

"विचारा."

"बाटली तुमच्या मेव्हन्याची. काटा तुमच्या मेव्हन्याचा. टेम्पो त्येचा. दुकानात पाटी हाय, तिच्यावर नाव आमच्या वैनीसायबाचं. आन् लिवून घेनारे तुमी." ते हसले. "आमी बारा जण तेवढे बाहेरचे."

शेजारच्या टेबलावरचे दोघं मोठ्यानं हसले. मीही हसलो. चहा संपला होता, तरी रिकामा कप मी हातात धरून होतो. दुकानाच्या भिंतीवर परवाना फ्रेम करून लावलेला असतो, हे मला माहीत होतं. त्यावर बायकोचं नाव येणार हेही ओघानं आलं. मात्र अठ्ठेचाळीस बाटल्या घेताना मी त्या भिंतीकडं पाठ करून बसलो होतो.

फ्लेक्स त्याच दिवशी काढायला सांगितला. मेव्हण्यानं काढला, पण नाराजीनं. "दाजी, खरं छापलं तरी तरास?" एवढंच म्हणाला.

फेब्रुवारीत दुसऱ्या हप्त्यासाठी अहवाल पाठवायचा होता. सोबत तेच हमीपत्र पुन्हा भरायचं. या वेळी एका ओळीची भर होती: कुटुंबातील कोणालाही संबंधित व्यवसायाकडून कोणत्याही नावाखाली मिळालेली रक्कम नमूद करावी.

कोणत्याही नावाखाली. मी ती ओळ रविवारी सकाळी वाचली आणि बायकोला तिचं पोस्टाचं पासबुक मागितलं. दोन्ही नोव्हेंबरात भरणा होता, चोवीस हजार आणि चोवीस हजार.

"हे काय लिहायचं?" मी विचारलं.

"काय लिहायचं म्हणजे? भाऊबीज."

"त्याआधीच्या अठरा वर्षांत मिळून आठ हजार झाले नाहीत."

"तेव्हा त्याचं दुकान नव्हतं." ती भाजी निवडत होती, ती थांबली. "तुम्ही हे विद्यापीठाला कळवणार?"

"विचारलंय त्यांनी."

"अहो, लिहून दिलं की माझं नाव त्या परवान्यावर का आहे ते विचारतील. मी दुकानात बसत नाही हे निघेल. परवाना गेला तर त्याचं दुकान गेलं. मग मी कुठल्या तोंडानं जळकोटला जायचं? आई काय म्हणेल?"

"आणि नाही लिहिलं तर ही सही खोटी होते. गेल्या वर्षीची झालीच आहे."

तिनं निवडलेली भाजी बाजूला सारली. मग म्हणाली, "एक सांगू? ते पैसे मी भाऊबीज म्हणून घेतले नव्हते. बी.एस्सी. होऊन बावीस वर्षं झाली. त्या कागदाला पहिल्यांदा कुणी पैसे दिले. दोन्ही वेळा मी ते एकटीनं पोस्टात जाऊन भरले. पावतीवर सही करताना बरं वाटायचं."

वीस वर्षं मी तिला घरखर्चाला पैसे मोजून दिले होते, तिची पदवी कुठल्या पेटीत आहे हेही मला सांगता आलं असतं. तिला त्या कागदाचं काय वाटतं, हे मात्र कधी विचारलं नव्हतं.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं जळकोटला गेलो. दुकान रविवारी दुपारी बंद असतं, मेव्हणा घरी जेवायला आला होता. सासूबाईंनी ज्वारीच्या भाकरी थापल्या होत्या. जेवून हात धुतल्यावर हमीपत्र काढून मेव्हण्यापुढं ठेवलं आणि काय लिहिणार ते सांगितलं.

त्यानं कागद वाचला. "दाजी, ह्ये तुमी आमच्या दुकानाला कुलूप घालायचं लिवताय."

"मी दुकानाबद्दल काही लिहीत नाही. माझ्या घरात आलेले पैसे लिहितोय."

"त्येच की. लोक काय करत्यात? तुमच्या कॉलेजातला एक तरी सर असलं लिवतो का? जिल्ह्यात दुकानं किती, आन् डिगरीवाला गल्ल्यावर बसलेला किती ठिकानी दिसला तुमाला?" त्याचा आवाज चढला. "भनीला भाऊबीज दिली तर तिचा बी हिशेब मागनार व्हय तुमचं विद्यापीठ? उद्या लुगड्याचं बिल मागतील."

"पाचशे एकचा कुणी मागितला नसता."

"म्हंजे जास्त दिली ही चूक!"

सासूबाई मध्ये पडल्या. "जावईबापू, तुमी शिकलेली मानसं. पन लेकराचं पोट हाय त्यावर. बगा काय करता येतंय का." एवढं बोलून त्या लेकीकडं बघायला लागल्या. तिनं आता काहीतरी बोलावं, नवऱ्याला थांबवावं, असं त्या बघण्यात होतं.

बायको भिंतीला टेकून बसली होती. ती मला उद्देशून बोलली नाही, भावाला म्हणाली, "परवान्यात काय लिहिलंय? मी दुकानात काम करते असंच ना?"

"व्हय."

"मग करते. मी येऊन बसते."

मेव्हणा हसला. "आक्का, तू? गल्ल्यावर?"

"गल्ल्यावर तू बस. मी औषधांच्या बाजूला बसते. गेल्या वेळी मी चहाला आले तेव्हा एकाला तू दोन औषधं एकत्र फवारायला सांगितलीस. त्या दोन्हीच्या डब्यांवर लिहिलंय की एकत्र करू नका. मी तेव्हा गप्प बसले, मला वाटलं आपण कोण सांगणार. मंगळवार, गुरुवार, शनिवार येते. अकराची बस आहे, चारची परत आहे."

"आन् पैसे?" मेव्हण्यानं विचारलं. त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं की हा प्रश्न त्याला विचारायचा नव्हता.

"पाच हजार महिना. बँकेत. बसभाडं माझं."

"पाच! आक्का, दोन देत हुतो की. भावासंगट पगार ठरवतीस?"

"दोन न बसायचे होते," ती म्हणाली. "बसायचे पाच."

सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. मेव्हणा हसला नाही. त्यानं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. आम्ही निघालो तेव्हा नेहमीसारखा हायवेपर्यंत सोडायला आला नाही. बसमध्ये बायको खिडकीकडं तोंड करून बसली होती. येताना वाटेत एकदा म्हणाली, "तो आता भाऊबिजेला येणार नाही, मला बोलावणारही नाही. तुम्ही लिहा." मी लिहिलं.

काय लिहिलं तेही सांगतो. माझ्या पत्नीची पदवी अमुक दुकानाच्या परवान्यावर तांत्रिक व्यक्ती म्हणून नोंदवलेली आहे. त्यापोटी तिला भाऊबीज या नावाखाली दोन वेळा चोवीस हजार, एकूण अठ्ठेचाळीस हजार रुपये मिळाले. यांतली पहिली रक्कम अनुदान मंजूर होण्याआधीची, दुसरी नंतरची. प्रकल्पाचं द्रावण याच दुकानातून घेतलं. वजनकाटा व वाहन याच दुकानाचं होतं. दुकानमालक पत्नीचे सख्खे बंधू आहेत. गेल्या वर्षीच्या हमीपत्रात मी 'नाही' लिहिलं, ते चुकीचं होतं. बायको प्रत्यक्षात दुकानात बसत नव्हती, हे मी लिहिलं नाही. ते विचारलेलं नव्हतं. तेवढं मी लपवलं असं कुणी म्हटलं तर मला वाद घालता येणार नाही.

कॉलेजच्या कार्यालयातले मुख्य लिपिक माझ्याहून पाच वर्षांनी मोठे आहेत. त्यांनी हमीपत्र पाहिलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं.

"सर, हे होयवर खूण केलीय तुम्ही."

"हो."

"चुकून?"

"नाही."

"मी इथं सव्वीस वर्षं आहे. ह्या रकान्यात होय बघितलेलं नाही. हे कुठल्या फायलीला लावू?"

"तुम्ही सांगा."

त्यांनी नवी फाईल काढली. वर नाव काय घालावं हे सुचेना म्हणून नुसता प्रकल्पाचा क्रमांक लिहिला. माझ्यासमोर शिपायाला म्हणाले, "सरांना चहा आण. दिवस कठीण आहे."

महिन्याभरानं विद्यापीठातून बोलावणं आलं. एका छोट्या खोलीत तिघंजण होते: समितीच्या अध्यक्ष असलेल्या एक प्राध्यापक बाई, वित्त विभागाचे अधिकारी आणि दुसऱ्या विद्यापीठातले एक शास्त्रज्ञ. मी घाबरलो होतो. अनुदान परत मागतील, माझं नाव काळ्या यादीत घालतील आणि प्राचार्य मला वर्षभर टोमणे मारतील, अशा तिन्ही शक्यतांचा मी बसमध्ये विचार केला होता.

बाईंनी विचारलं, "या रकमेला तुम्ही आधी भाऊबीज म्हणत होता. आता मोबदला म्हणता. नेमकं काय?"

मी म्हणालो, "दोन्ही आहे. पाचशे एक रुपये भाऊबीज. वरचे तेवीस हजार चारशे नव्व्याण्णव मोबदला."

वित्त अधिकाऱ्यांनी मान खाली घातली. ते हसत आहेत हे खांद्यावरून कळत होतं.

शास्त्रज्ञ मात्र हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "बाटल्यांचे क्रमांक नोंदवलेत? पोती कुणी भरली? द्रावणाची बाजू कुठली हे वजन घेणाऱ्याला माहीत होतं का?"

शेवटच्या प्रश्नाला मी "हो" म्हणालो, आणि तिथंच मला माझी खरी अडचण कळली. वजन मेव्हण्याच्या माणसानं घेतलं होतं. काटा शून्यावर स्थिर होण्याआधी पोतं ठेवलं की किलो-दोन किलोचा फरक पडतो, हे धान्याच्या आडतीवर उभा राहिलेला कुणीही सांगेल. कुणी मुद्दाम केलं असं मी आजही म्हणत नाही. पण चव्वेचाळीसमधले किती किलो जिवाणूंचे आणि किती किलो सदिच्छेचे, हे मला सांगता येत नव्हतं. हमीपत्रातल्या त्या दोन चौकोनांना मी तोपर्यंत सरकारी कटकट समजत होतो.

समितीनं काळ्या यादीत घातलं नाही. लेखी निर्णय दहा दिवसांनी आला. पहिल्या हंगामाचे आकडे अहवालात राहतील, पण हितसंबंधांची नोंद त्यांच्याच खाली, त्याच पानावर असेल. दुसऱ्या हंगामात द्रावण दुसऱ्या दुकानातून घ्यायचं. वजन दुसऱ्या महाविद्यालयातल्या प्राध्यापकांनी घ्यायचं, आणि कुठलं पोतं कुठल्या बाजूचं हे त्यांना आधी सांगायचं नाही. दुसरा हप्ता त्यानंतर. मेव्हण्याच्या दुकानाचं बिल अनुदानात धरता येणार नाही, ती रक्कम मी भरायची. अठ्ठेचाळीस हजारांबद्दल समितीनं फक्त नोंद घेतली. परवान्याबद्दल एकच वाक्य होतं: पत्नीच्या नियुक्तीचं पत्र व वेतनाचा पुरावा सादर करावा.

ते पत्र मेव्हण्यानं दिलं. लगेच दिलं नाही. एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी बायको त्याला न विचारता अकराच्या बसनं गेली आणि औषधांच्या कपाटाशी स्टूल ओढून बसली. तो तिच्याशी दुपारपर्यंत बोलला नाही. दुपारी एक बाई टोमॅटोची पानं घेऊन आली आणि भारीतलं औषध द्या म्हणाली. बायकोनं पानं उलटून बघितली आणि म्हणाली की यावर औषध लागत नाही, पाणी कमी करा. गिऱ्हाईक काही न घेता गेलं. मेव्हणा चिडून म्हणाला, "आक्का, तुला पगार इकायसाठी देऊ का परत पाठवायसाठी?" तीच बाई शनिवारी आणखी दोघींना घेऊन आली. त्या शनिवारी नियुक्तीचं पत्र टाईप झालं. त्यात पगार पाच हजार लिहिला होता आणि तारीख एप्रिलचीच टाकली होती, मागची नाही. तारीख बायकोनं सांगून टाकून घेतली.

दुसऱ्या हंगामाला पाऊस कमी झाला. ऑगस्ट महिना जवळजवळ कोरडा गेला. ऑक्टोबरात बाहेरच्या कॉलेजचे प्राध्यापक स्वतःचा काटा घेऊन आले. पोत्यांना नंबर आण्णांनी घातले आणि यादी सगळं संपेपर्यंत खिशातून काढली नाही. मी बांधावर उभा होतो, वजनाला हात लावला नाही. फरक निघाला अर्ध्या एकरामागं सरासरी अकरा किलो. पाच शेतांत उलट नुसत्या बियाण्याची बाजू जास्त भरली. कमी पावसामुळं फरक दिसला नसेल किंवा पहिल्या वर्षीचा फरक तेवढा नसेल. दोन्ही शक्यता अहवालात लिहिल्या. दोन हंगामांच्या आधारे ठाम सांगता येत नाही, असा निष्कर्ष काढला.

आण्णांना कागद नेऊन दिला तेव्हा ते म्हणाले, "मंजे दीड लाखात कळलं की कळत न्हाय."

"तसंच, आण्णा."

"मंग ह्ये तरी खरं दिसतंय," असं म्हणून त्यांनी कागद टोपीखाली ठेवला.

मेव्हण्याच्या दुकानात द्रावण अजून मिळतं. कुणी विचारलं तर बायको सांगते की एका वर्षी फरक पडला, एका वर्षी नाही, घ्यायचं तर एक बाटली घेऊन थोड्या रानात बघा. आधीपेक्षा कमी खपतं. मेव्हण्यानं तिला एकदा बोलून दाखवलं, "तुज्यामुळं कंपनीची सहल गेली." विक्रीवर सहल असते, हे मला तेव्हा कळलं. तीही मी पुढच्या कागदात लिहिली असती. पण आता मी त्या विषयावर नवा प्रकल्प मागत नाही, कारण बायको त्याच दुकानात पगारी नोकर आहे.

पंधरा नोव्हेंबर, बुधवार, भाऊबीज. बोलावणं येईल की नाही याची बायकोला खात्री नव्हती. मंगळवारी ती दुकानात बसली होती तेव्हा मेव्हणा हिशेब करता करता मान वर न करता म्हणाला, "उद्या सुट्टी हाय तुला. दाजींना घिऊन ये." आम्ही गेलो. हजर माणसं तीच पाच. ओवाळून झाल्यावर त्यानं खिशातून पाकीट काढलं, ताटात ठेवलं आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "दाजी, ह्ये लिवायचं का न्हाय, बगा मोजून."

बायकोनं पाकीट उघडलं. पाचशेची नोट आणि रुपयाचं नाणं.

"न्हाय लागत," मी म्हणालो. सासूबाई हसल्या, मग तोही हसला.

प्रकल्पाचा हिशेब त्याच महिन्यात बंद झाला. दुसरा हप्ता साठ हजार महाविद्यालयाच्या खात्यावर जमा झाला. बाटल्यांचे अकरा हजार पाचशे वीस मी माझ्या पगारातून विद्यापीठाच्या वित्त विभागाला भरले, पावती फायलीत आहे. बायकोला दुकानातून एप्रिल ते ऑक्टोबर सात महिन्यांचे पस्तीस हजार बँकेत मिळाले, ते तिनं स्वतःच्या नावावर पोस्टात ठेवले. आणि भाऊबिजेचे पाचशे एक.